बहिणीला बेट दाखवायचं होतं

आईला पुरून सगळे गावाकडे परतत होते, तेव्हा ओब्दुलियाच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. थोरली बहीण कासिल्दा तिच्या दंडाला धरून चालत होती. जानेवारीचं वारं ऑलिव्हच्या टेकड्यांवरून सरळ अंगावर येत होतं. दंडावरचा कासिल्दाचा हात इतका खरखरीत लागत होता, की ओब्दुलियाला राहवलं नाही.

"जूनमध्ये माझ्याकडे ये," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस राहा. सगळं बेट दाखवते तुला."

कासिल्दा जागीच थांबली. "इबिझाला? मी?"

"नाहीतर कोण? तुझी कोंबडी?"

प्रेतयात्रेहून परतताना हसू नये, पण दोघी हसल्या. मागून येणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींना हसू आवरेना आणि मग त्याचंच रडू झालं.

हे आमंत्रण काही उगाच दिलेलं नव्हतं. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला उठवणं, धुणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं एकट्या कासिल्दाने केलं. ओब्दुलिया वर्षातून एकदा, नाताळात, भेटी घेऊन यायची आणि आठवड्याने परत जायची. म्हणूनच आईच्या घरातला आपला वाटाही तिने त्याच आठवड्यात काही न बोलता बहिणीच्या नावे करून दिला. आता त्या घरात कासिल्दा, तिचा मुलगा, सून आणि त्यांचं लहान मूल असे राहत होते. पण वाटा दिला म्हणून मन हलकं झालं, असं नाही. कागदावर सही करायला कितीसा वेळ लागतो?

गावात ओब्दुलियाला सगळे 'इबिझावाली' म्हणायचे. ती विशीत एका मैत्रिणीबरोबर एका उन्हाळ्यापुरती म्हणून हॉटेलात खोल्या आवरायला गेली. शिवणयंत्राचे पैसे जमले की परत येणार होती. तिथे एक वेटर भेटला, मुर्सियाकडचा. चार वर्षं त्याच्याबरोबर गेली, मग तो गेला. ती राहिली. दर उन्हाळ्यात खोल्या, दर हिवाळ्यात बेकारभत्ता. गावाला मात्र एवढंच ठाऊक, की जगभरचे नट आणि फुटबॉलपटू जिथे सुट्टीला जातात, तिथे आपली ओब्दुलिया बारा महिने असते. ती रापून यायची, तेव्हा बायका तिच्या दंडाला दंड लावून बघायच्या. तो रंग बसस्टॉपवर उभं राहून आलेला आहे, हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

आमंत्रण दिलं तेव्हा तिच्याकडे खोली होती. एका म्हातारीच्या घरातली, अरुंद, पण न्हाणीघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. एप्रिलमध्ये म्हातारीच्या मुलाने तिला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. घरमालक कॉफी द्यायला लागला की समजावं. "आईला मी माझ्याकडे नेतोय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात हे घर पाहुण्यांना द्यायचंय, आठवड्याच्या भाड्याने. तुम्ही समजून घ्याल."

ओब्दुलियाने समजून घेतलं. मग तीन आठवडे वणवण केली. काही ठिकाणी एकेका खोलीत चौघी होत्या. एका घरात तर एका माणसाने तिला बाल्कनी दाखवली. गादी अंथरलेली, वर ताडपत्री. "हवा चांगली येते," तो म्हणाला. शेवटी बेट सोडून जाणाऱ्या एका जोडप्याची जुनी कॅराव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, तिने विकत घेतली. शहराबाहेर, वळणरस्त्याच्या भरावाखाली एक माळ होता. काही बदामाची झाडं, आणि त्यांच्यामध्ये कॅराव्हान, तंबू, फळ्यांच्या खोपट्या. बेटावर काम करणारी आणि बेटावर घर नसलेली माणसं तिथे राहत. स्वयंपाकी, गवंडी, हॉटेलातल्या बायका, एक शाळेतली नर्ससुद्धा. माळाचा मालक दर महिन्याला जागेचं भाडं घ्यायला यायचा. पाणी टाकीचं. संडास एकच, पत्र्याचा, सगळ्यांना मिळून.

याच माळावर भरावाला पाठ टेकून ती कासिल्दाचे फोन घ्यायची. आणि कासिल्दाचे फोन आता रोज यायला लागले होते.

"अगं, तो समुद्रातला दगड बघायचाच हं. टीव्हीवर दाखवला. त्याच्याजवळ म्हणे होकायंत्र वेडं होतं."

"एस वेद्रा. बघू."

"तू किती वेळा गेलीस तिथे?"

"जाते की अधूनमधून." ओब्दुलिया एकदाही गेली नव्हती. हॉटेल, बसस्टॉप, बाजार आणि खोली, एवढंच बेट तिच्या वाट्याला आलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती कमरेखाली उशी घेऊन पडून राहायची.

"आणि ते जुनं गाव, तटाच्या आतलं. हॅट घेतलीय मी. बूट कसले आणू? हेअरड्रेसर म्हणते, तिकडे उंच टाचांशिवाय कुणी बाहेर पडत नाही."

"चढ आहे कासिल्दा, दगडी चढ. गुडघे सांभाळ."

"या गुडघ्यांवर आईला उचललंय मी. त्यांना चढाचं काय सांगतेस?"

असं काही आलं की ओब्दुलिया भरावावरचं गवत उपटत राहायची. मग कासिल्दाच विषय बदलायची. "बरं, ते क्लब म्हणतात ते? मी काय नाचायला येत नाहीये. पण दारातून बघू."

"दारातून बघायलाही पैसे पडतात बाई इथे."

"पोहायचा ड्रेस पण घेतलाय. निळा. सून हसली. म्हटलं, हस, तुझ्या सासूने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय घालायचाय." मग जरा थांबून, "तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो ना गं?"

"दिसतो. थोडा."

ओब्दुलियाच्या डोळ्यांसमोर भराव होता. वरून ट्रक जात होते.

हळूहळू बेत पक्का झाला. कासिल्दा मालागाहून विमानाने येणार. पहिला दिवस जुनं गाव आणि बंदर. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एस वेद्रा आणि तिथेच सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी बोटीने शेजारच्या फोर्मेन्तेरा बेटावर, आणि चौथ्या दिवशी सकाळी परत. आठवड्याच्या सुट्टीखेरीज आणखी एक दिवस मिळवायला ओब्दुलियाने कामावरच्या दोन बायकांच्या पाळ्या अंगावर घेतल्या. एस वेद्राला न्यायचं ब्राहिमने कबूल केलं. ब्राहिम शेजारच्या खोपटीत राहायचा. सहारातला गवंडी. त्याची एक खिळखिळी व्हॅन होती. सगळं ठरलं होतं, फक्त बहिणीला निजवायचं कुठे, तेवढंच ठरत नव्हतं.

"खरं सांग तिला," ब्राहिम म्हणाला. तो चहा एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात उंचावरून ओतत होता. "बहीण आहे ना?"

"तुझ्या आईला ठाऊक आहे तू कुठे राहतोस ते?"

ब्राहिमने ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

सांगायचं मात्र तिने एकदा खरोखरच ठरवलं. फोन लावला, कासिल्दाने उचलला आणि हिने तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "आत्ताच आईकडे जाऊन आले. थडगं धुतलं. तिला सांगितलं, ओब्दुलियाकडे चाललेय गं, माझी काळजी करू नकोस. काय म्हणत होतीस तू?"

"काही नाही," ओब्दुलिया म्हणाली. "वारा असतो संध्याकाळचा. शाल आण."

शेवटी तिने एउलारियाला विचारलं. एउलारिया हॉटेलातली मुकादमीण, अस्सल बेटावरची. बोलायला कडक, पण बायकांच्या पाठदुखीवरच्या गोळ्या तिच्या खणात असायच्या. चादरींच्या कोठीत दोघीच असताना ओब्दुलियाने सगळं सांगितलं. एउलारिया अभ्रे मोजत राहिली.

"तिसऱ्या मजल्यावरची ती खोली बंद आहे," ती न बघताच म्हणाली. "एसी गळतो. भाग यायचाय बाहेरून, तो काही या आठवड्यात येत नाही."

"एउलारिया..."

"मी काही बोललेच नाही. तिने खाली उतरायचं नाही. नाश्त्याला नाही, पोहायला नाही. मागच्या जिन्याने आत, मागच्या जिन्याने बाहेर. आणि मला यातलं काहीही माहीत नाही. कळलं?"

ओब्दुलियाने तिचा हात धरला. एउलारियाने तो सोडवून घेतला आणि पुन्हा पहिल्या अभ्र्यापासून मोजायला लागली.

कासिल्दा विमानतळाच्या दारातून बाहेर आली ती हॅट घालूनच. हातात पेटी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत गावचे लाल तिखटाचे पाव आणि सॉसेज. विमानात शेजारी बसलेल्या इंग्रज पोराला तिने त्यातला एक पाव खायला लावला होता. बहिणीला मिठी मारल्यावर पहिलं काय बोलली, तर, "किती वाळलीस गं! नट्यांसारखी उपाशी राहतेस की काय?"

बसमध्ये ओब्दुलियाने पाठ केलेलं सांगून टाकलं. घरी रंगकाम काढलंय, वासाने डोकं चढतं, म्हणून तुझी सोय माझ्या हॉटेलातच केलीय.

"हॉटेलात?" कासिल्दाचे डोळे विस्फारले. "अगं पण खर्च?"

"ओळखीने. फक्त एक कर, खाली वगैरे जाऊ नकोस. मोठमोठे लोक असतात, त्यांना आवडत नाही."

"मी कशाला जातेय मोठ्या लोकांत!"

खोलीतल्या भिंतीवर एसीखाली ओलीचा डाग होता आणि त्याच्याखाली बादली. पण खिडकीतून आख्खा समुद्र दिसत होता, पट्टी नाही. कासिल्दा पलंगाच्या कडेवर बसली. चादरीवरून तळहात फिरवला. "ही चादर तू घातलीस?"

"मीच."

"कोपरे आईसारखे घातलेस." ती तशीच बसून राहिली. "आईलाही अशा खोलीत ठेवायला हवं होतं गं एकदा."

तो पहिला दिवस खरंच चांगला गेला. पुढे जे झालं त्याने त्या दिवसावरही काळं फासलं, पण तो चांगला गेला होता हे खोटं नाही. दोघी तटाच्या आतल्या जुन्या गावात चढून गेल्या. कासिल्दा दर वळणावर थांबून "हे बघ, हे बघ" करत होती आणि दम लागल्याचं लपवत होती. वर चर्चसमोर, तटाच्या कठड्यावर बसून त्यांनी पाव आणि सॉसेज खाल्लं. खाली बंदरात पांढऱ्या बोटी उभ्या होत्या. कासिल्दाने विचारलं, "यातली कुणाची?" ओब्दुलियाने ठोकून दिलं, "ती? अरब राजपुत्राची. ती तिकडची एका शीतपेयवाल्याची." एका बोटीच्या डेकवर एक बाई फरशी पुसत होती. ती तेवढी दोघींनाही दिसली. कासिल्दाने पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

"तू इथे रोज येत असशील," कासिल्दा म्हणाली.

"रोज नाही."

"मी असते ना, तर रोज आले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओब्दुलियाची पाळी होती. दुपारी ब्राहिम व्हॅन घेऊन येणार होता. तिने उजाडताच बहिणीला कॉफी आणून दिली, पुन्हा बजावलं आणि ट्रॉली ढकलत दुसऱ्या मजल्यावर गेली.

कासिल्दाने बराच वेळ वाट पाहिली. खिडकीतून खाली हॉटेलचा पोहण्याचा निळाशार तलाव दिसत होता. त्याच्या कडेला तिच्याच वयाच्या, तिच्याहून जाड बायका पाय सोडून बसल्या होत्या. त्यात एकही नटी नव्हती. तिला वाटलं, ओब्दुलिया उगाच घाबरते, पहिल्यापासून भित्रीच ती. तिने निळा ड्रेस घातला, वर हॉटेलचा टॉवेल गुंडाळला आणि लिफ्टने खाली गेली. पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली आणि एकटीच हसत राहिली. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसली. वेटर आला, तिने कॉफी सांगितली. त्याने खोलीचा नंबर विचारला. तिने ऐटीत सांगितला.

नंबर यंत्रात बसेना. वेटर काउंटरवर गेला. काउंटरवरच्या मुलीने कुणालातरी फोन केला.

ओब्दुलियाला खाली बोलावलं गेलं, तेव्हा तिच्या हातात दुसऱ्याच्या न्हाणीघरातले ओले टॉवेल होते. ते तसेच घेऊन ती खाली आली. तलावाकाठी साहाय्यक व्यवस्थापक उभा होता. तरुण, मवाळ बोलणारा. शेजारी सुरक्षारक्षक. मध्ये कासिल्दा. पाणी निथळतंय, केस कपाळाला चिकटलेत, टॉवेल छातीशी घट्ट धरलेला.

"ही बघा, ही माझी बहीण!" कासिल्दाला हायसं वाटलं. "सांग गं यांना. मी म्हणतेय, माझी बहीण इथे सगळ्यांच्या वर आहे, तिला विचारा. हे ऐकतच नाहीत."

व्यवस्थापकाने ओब्दुलियाच्या हातातल्या टॉवेलांकडे पाहिलं. मग हलकेच विचारलं, "या बाई बंद खोलीत राहिल्या का?"

"हो."

"किल्ली कुणी दिली?"

एउलारिया दारात येऊन उभी होती. व्यवस्थापक तिच्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," एउलारिया म्हणाली. आवाज अगदी सरळ होता.

"किल्ली मीच घेतली," ओब्दुलिया म्हणाली. "कुणाला न सांगता."

आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक पुस्तकांवरून बघत होते. व्यवस्थापक म्हणाला, पोलिसांना बोलवायची त्याची इच्छा नाही, बाईंनी सामान घ्यावं, आणि ओब्दुलियाने ऑफिसात यावं. सुरक्षारक्षक कासिल्दाबरोबर वर गेला आणि ती कपडे बदलेपर्यंत बाहेर उभा राहिला. ऑफिसात फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांचं काम एका कागदावरच्या सहीने सुटलं.

मागच्या दारात एउलारिया भेटली. डोळे लाल होते. "माझा नवरा घरी बसलाय," ती म्हणाली. "पोराचं शिक्षण..."

"राहू दे," ओब्दुलिया म्हणाली. तिला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात बळ लागतं.

रस्त्यावर कासिल्दा पेटीवर बसली होती. हॅट मांडीवर. तिने ती डोक्यावर ठेवली. मग उठली. "चल तुझ्या घरी. रंगाचा वास चालेल मला."

"कासिल्दा..."

"चालेल म्हणते ना!"

बसमधून उतरून वळणरस्त्याच्या कडेने चालताना ओब्दुलियाला वाटत होतं, हा रस्ता संपूच नये. भरावाखालची वाट उतरून त्या माळावर आल्या. एका तंबूपुढे कुणी कांदा परतत होतं. ओब्दुलियाने कॅराव्हानचं दार उघडलं. आतली गरम हवा तोंडावर आली. कासिल्दा दारातूनच आत बघत राहिली. पलंग, बर्नर, आरसा, दोरीवर वाळणारा गणवेश.

"आणि संडास?" तिने विचारलं.

ओब्दुलियाने पत्र्याकडे बोट दाखवलं.

कासिल्दा गेली आणि आली. पायरीवर बसली. ब्राहिम व्हॅनची काच पुसून तयार होऊन आला होता. त्याने दोघींचे चेहरे पाहिले आणि चहा करायला परत गेला. कासिल्दाने त्याने आणलेला ग्लास घेतला, आभार मानले, आणि तो गेल्यावर बोलायला लागली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझी शोभा झाली तिथे, ते राहू दे. निळ्या ड्रेसमधली म्हातारी, हसतील चार दिवस आणि विसरतील. पण तुला एक सांगू? नऊ वर्षं मी आईचं गू-मूत काढलं. हात फुटायचे थंडीत. रागाने जीव जायचा. पण मनाला म्हणायचे, जाऊ दे कासिल्दा, दोघींतली एक तरी सुखात आहे. समुद्रावर आहे, उन्हात आहे. शिव्या द्यायचे तुला, हेवा करायचे, पण त्यावरच निभावलं गं मी." तिने ग्लास खाली ठेवला. "आणि तू इथे होतीस. मग कशासाठी झालं हे सगळं? आपण दोघींनी काय मिळवलं, सांग मला."

ओब्दुलियाने तो ग्लास उचलला. ती म्हणाली, "एस वेद्राला जायचंय ना? गाडी तयार आहे."

"नको," कासिल्दा म्हणाली. "पुरे झालं बघणं."

फोर्मेन्तेराची बोटही मग राहिलीच. सबंध दिवस कासिल्दा कॅराव्हानमध्ये पडून होती. संध्याकाळी तिने ओब्दुलियाची भांडी घासली, बर्नर घासला, आरसा पुसला. दोघी एकाच पलंगावर निजल्या, लहानपणी निजायच्या तशा पाठीला पाठ लावून.

विमानतळावर नेताना ब्राहिमने रेडिओ लावला नाही. ओब्दुलिया मागच्या बाकावर बसली होती आणि एकाच गोष्टीची वाट बघत होती. कासिल्दा म्हणेल, चल. माझ्याबरोबर चल, आईच्या खोलीत राहा, ऑलिव्हच्या तोडणीला माणसं लागतातच. तिने आपणहून विचारलं नसतं. घराचा वाटा तिनेच सोडला होता, आणि कासिल्दाच्या मुलाला दुसरं मूल व्हायचं होतं. आईच्या खोलीला बाळासाठी पिवळा रंग दिलाय, हे कासिल्दानेच फोनवर सांगितलं होतं. पण बहिणीने नुसतं म्हटलं असतं, तर तिने कॅराव्हान तिथेच टाकून दिली असती. रांगेत उभ्या असताना कासिल्दाने दोनदा तिच्याकडे पाहिलं, दोनदा तोंड उघडलं.

"पाठीला दाखव कुणाला तरी," कासिल्दा म्हणाली. "अशी वाकून चालू नकोस." तिने बहिणीचे दोन्ही गाल धरले, मुका घेतला, पट्टा आणि बूट काढून ट्रेमध्ये ठेवले आणि पलीकडे गेली. मोज्यांवर चालत गेली. वळून पाहिलं नाही, की पाहिलं ते मधे माणसं आल्याने दिसलं नाही, हे ओब्दुलियाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जुलैच्या अखेरीस माळ रिकामा झाला. न्यायालयाचा हुकूम होता. पहाटे पोलीस आणि क्रेन आले. कॅराव्हानचं एक चाक कुजलेलं होतं, ती ओढताना बदामाच्या झाडाला घासली आणि तिचं छत उसवलं. ब्राहिमने ओब्दुलियाच्या दोन पिशव्या व्हॅनमध्ये टाकल्या आणि विचारलं, कुठे सोडू? तिला काही सुचलं नाही. तो आपल्या माणसांकडे बेटाच्या दुसऱ्या टोकाला चालला होता, तिकडे पुरुषांचाच गोतावळा होता. शेवटी जुन्या कामावरच्या एका बाईच्या तंबूत तिची सोय झाली, पाईनच्या रानात. तंबू दिवसा उतरवून ठेवावा लागायचा, दिसू नये म्हणून.

कासिल्दाचा फोन नाताळात आला. ऑलिव्ह या वर्षी कमी आहेत, नातू झालाय, सुनेला दूध नाही. ओब्दुलियाने विचारायचं ते सगळं विचारलं. कासिल्दाने तिला "कुठे राहतेस" असं विचारलं नाही. हे प्रेम होतं की भीती, कोण जाणे. यंदा घरी का आली नाहीस, हेही विचारलं नाही. मग लाइन खरखरायला लागली आणि दोघींनी पटकन निरोप घेतला.

पुढच्या मोसमात कुठलंही हॉटेल तिला थेट घेईना. मागच्या ठिकाणी का सोडलं, असं विचारत आणि मग फोन करू म्हणत. अखेर एका ठेकेदाराने घेतलं. श्रीमंतांचे बंगले, पाहुणे गेले की साफ करायचे, खोलीमागे पैसे. बायकांना घरून उचलायला त्याची गाडी फिरायची.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरने नावं लिहून घेतली. "तुम्हाला कुठून घेऊ, बाई? घराजवळूनच घेतो मी सगळ्यांना."

"इथूनच," ओब्दुलिया म्हणाली. "या चौकातून."

"चौकात कशाला उन्हात उभ्या राहता? पत्ता सांगा की."

"चौकच बरा पडतो मला," ती म्हणाली आणि मागच्या बाकावर, बादल्यांच्या शेजारी जाऊन बसली.